मंत्रजलाचे अठरा टक्के

निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधलं पाणी आपोआप नाचू लागलं तेव्हा मांडवातल्या सहाशे माणसांनी हात जोडले. त्यांतले चाळीस जण पीएच.डी. होते.

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना डाव्या हाताला जयवंताबाई कोरडवाहू शेती संशोधन संस्था लागते. रब्बीच्या तोंडावर तिथे दरवर्षी शिवारफेरी होते. म्हणजे शेतकऱ्यांना प्रयोगाची शेतं दाखवतात आणि मसालेभात देतात. यंदा शेतं दाखवायचं राहूनच गेलं, कारण सगळे ड्रमभोवती गोळा झाले होते. ड्रम एका टेबलावर, टेबलाला जमिनीपर्यंत भगवा पडदा, ड्रमच्या तोंडावर तांब्याचं नरसाळं आणि नरसाळ्यात देवीदास महाराज बाळापूरकर यांचं तोंड.

महाराज डोळे मिटून 'हूंऽऽऽ' करत होते. पाण्यावर आधी एक वर्तुळ उमटलं, मग दहा, मग पाणी उकळल्यासारखं थरथरायला लागलं.

"व माय! पानी कापून राहिलं नं वं!" पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली आणि तिने लगेच पदर डोक्यावर घेतला.

महाराजांनी तोंड बाहेर काढलं. "पाहून घ्या! पान्याले कान असते. हरभऱ्याले सुदिक कान असते. अन् आपन काय करतो? बियान्याले बुरशी लावतो, पावडरी लावतो. अरे, लेकरू जन्मल्या-जन्मल्या त्याले कोनी पावडर चारते काय? मी बियान्याच्या कानात नाद सोडतो. सेकंदाले बारा हजार स्पंदनं! हे मी नाई म्हनत बाप्पा. हे ढोरे साहेबाचा डाटा म्हनते!"

डॉ. किशोर ढोरे उठले आणि त्यांनी लवून नमस्कार केला. महाराजांना की डाटाला, ते कळलं नाही.

ढोरे साहेब संस्थेचे मुख्य शास्त्रज्ञ. त्यांच्या नावावर एकशे अकरा शोधनिबंध आहेत, त्यांतले काही त्यांनी वाचलेलेही आहेत. देवीदास महाराज हे बारा वर्षांपूर्वी बाळापुरात पंपांच्या जळालेल्या मोटारींना तार भरून द्यायचे. अशाच एका मोटारीच्या घरघरीत त्यांना नाद गवसला, असं त्यांच्या चरित्रात म्हटलं आहे. ते चरित्र मी लिहिलं. संस्थेच्या प्रसिद्धी विभागात मी एकटाच आहे.

प्रयोग साधा होता. हरभऱ्याचे चोवीस सारखे वाफे. बारांत मंत्रजलात भिजवलेलं बियाणं, त्यांवर एकेक भगवा झेंडा. बारांत नळाच्या पाण्यात भिजवलेलं, तिथे काही नाही. पहिल्या वर्षी झेंड्याच्या वाफ्यांत सतरा पूर्णांक नऊ टक्के जास्त हरभरा निघाला, दुसऱ्या वर्षी अठरा पूर्णांक दोन. 'विज्ञान नतमस्तक' हा मथळा माझाच. तिसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झालं की संस्था शिफारस करणार होती, की शेतकऱ्यांनी हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा लावणं सोडावं आणि मंत्रजल वापरावं. ट्रायकोडर्मा म्हणजे मित्रबुरशी. जमिनीतल्या मर रोगापासून कोवळं मूळ वाचवायला ती बियाण्याला चोळतात. मर आली की हरभरा उभ्याउभ्या वाळतो.

ह्या प्रयोगावर प्रणाली गावंडे ही मुलगी पीएच.डी. करत होती. मार्गदर्शक अर्थात ढोरे साहेब. तिचे वडील नत्थुजी तिवशाजवळ भाजीपाला पिकवतात आणि चार एकरांत हरभरा घेतात. दोन वर्षांचे आकडे पाहून त्यांनी यंदा बाळापूरहून मंत्रजलाच्या दोन कॅन घरी नेल्या होत्या. गावात कोणी विचारलं तर म्हणायचे, "माया पोरीनं सिद्ध केलं राजा. आता काय पायतं?"

कार्यक्रम संपला, गर्दी भाताकडे वळली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या, सरळ टेबलाजवळ गेल्या आणि त्यांनी भगवा पडदा वर केला. खाली लाकडी पाटावर एक बारकी मोटार घुरघुरत होती. पाटाचा एक पाय टेबलाच्या फळीला टेकला होता.

"महाराज, हे काय आहे?"

महाराज जरासुद्धा दचकले नाहीत. तार भरण्याच्या धंद्यात दचकणारा माणूस टिकत नाही. "मोटर हाय बाई. माया गळा म्हातारा झाला. नाद माया, ताकद तिची. माईक लावला म्हनून कीर्तन खोटं होते काय?"

जवळ उभे असलेले दोघे-तिघे हसले. एक म्हणाला, "बराबर हाय."

"मॅडम," ढोरे साहेब धावत आले, "पाणी कशाने हलतं हा मुद्दाच नाही. मुद्दा अठरा टक्क्यांचा आहे. मोटर असो नाही तर खुद्द इंद्र असो, हरभरा जास्त निघाला की नाही?"

बाईंनी पडदा खाली सोडला. "हो. तो मुद्दा खरा आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं की मोटार सापडली म्हणजे महाराज संपले. आमच्याकडे उलटं झालं. मोटार बघूनही लोक मसालेभात खाऊन, बाटल्या भरून घरी गेले. भोंदूच्या टेबलाखाली हात घालता येतो हो. आकड्याच्या टेबलाखाली हात कोण घालणार?

ह्या बाई म्हणजे प्रा. संध्या खंडारे. अमरावतीच्या एका महाविद्यालयात त्या तत्त्वज्ञान शिकवायच्या. विभाग बंद पडला, कारण शेवटच्या वर्षी एकच विद्यार्थी होता आणि तोही होस्टेलची खोली सुटू नये म्हणून. पण नियम असा, की प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने संशोधनाच्या नीतीचा एक अभ्यासक्रम करावा, आणि त्याची सुरुवात चार तास तत्त्वज्ञानाने व्हावी. एकामागून एक तुकड्यांचे तेवढे तास घ्यायला संध्या मॅडम दर बुधवारी एसटीने अकोल्याला यायच्या. विद्यार्थी हजेरीवर सही करून मोबाइल काढायचे. पहिल्या तासाला ढोरे साहेब यजमान म्हणून पुढच्या बाकावर बसले होते.

"मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले, "आम्ही शेतात काम करणारी माणसं. खरं म्हणजे काय, आहे म्हणजे काय, असं विचारत बसलो तर डवरणी कोण करणार?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

"डवरणी तुम्ही करता?"

"मी? नाही. गडी करतात, बैल जुंपून."

"निंदण? तण काढणं?"

"ते बाया करतात."

"कापणी?"

"बाया. पण वजन माझ्यासमोर होतं! डिजिटल काटा आहे, ग्रॅमपर्यंत."

"म्हणजे पीक काट्यावर येईपर्यंत सगळं दुसऱ्याच्या हातात. खात्री मात्र तुमची."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "ढोरे सर, एकच सांगा. शेतात काय दिसलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात की मंत्रजल चालत नाही?"

"पण चालतं ना!"

"चालतं हो. नसतं चाललं, तर तुम्हाला कसं कळलं असतं?"

साहेब विचारात पडले. ही अवस्था त्यांना नवी होती. "बाळापूर भागात चार शेतकऱ्यांकडे आम्ही लावून पाहिलं. पहिल्याकडे काही फरक आला नाही. पण तिथे पेरणीला ग्रहण होतं."

"दुसऱ्याकडे?"

"त्याचं बोअरचं पाणी. जड पाणी नाद धरत नाही."

"तिसऱ्याकडे?"

"त्याची श्रद्धाच नव्हती, मॅडम. चौथ्याकडे मात्र उत्पन्न वाढलं!"

"त्याची श्रद्धा होती?"

"अर्थात."

"कशावरून?"

"उत्पन्न वाढलं ना!"

मॅडम काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. मुलाने स्वतःच्याच हाताने बुटाच्या दोन्ही नाड्या एकमेकींना बांधाव्यात आणि शाबासकीसाठी आईकडे बघावं, तेव्हा आई जशी बघते तशा. "सर, ह्याला प्रयोग म्हणत नाहीत. हा सत्कार झाला," त्या म्हणाल्या. "प्रयोगात हरायची सोय ठेवावी लागते. पेरण्याच्या आधी. नंतर ग्रहण शोधून चालत नाही."

साहेब त्या दिवशी रागाने चहा न घेताच गेले. मागच्या बाकावर प्रणालीने मोबाइल खाली ठेवला होता.

जानेवारीत एका बुधवारी ती माझ्या खोलीत आली. संस्थेत माझ्याच खोलीत मोबाइलला रेंज येते. संध्या मॅडम तास आटोपून तिथेच चहा पीत होत्या. प्रणालीने वडिलांना फोन लावला, आवाज धड येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

"पिवळा पडून राहिला वं," नत्थुजी म्हणत होते, "मंग वाळते. उपटून पायला, त मूळ आतून काळं. अडीच एकर गेला आतापावतर."

"बाबा, ट्रायकोडर्मा लावलं होतं ना? दरवर्षी लावता तसं?"

"कायले लावू? महाराजानं सांगतलं, दोन्ही लावलं त नाद मरते."

प्रणालीने फोन जवळ ओढला. नत्थुजी बोलतच होते.

"मी काल गेलतो बाळापूरले, महाराजाकडं. त्याईनं माया डोळ्यात पायलं अन् म्हने, नत्थुजी, पेरताना तुमच्या मनात शंका आली होती." फोनवर वाळलेलं झाड मोडल्याचा आवाज आला. "आली होती वं पोरी. एक डाव. इतकुशीच. थे कॅन उघडली अन् मनात आलं का हे त नुसतं पानी दिसते. मायीच चूक झाली. तू नोको टेन्शन घेऊ. तुया प्रयोगाले काई होनार नाई."

फोन बंद झाला. प्रणालीने तो टेबलावर पालथा ठेवला.

"माझ्या प्रयोगातला हरभरा का नाही मेला मग?" ती म्हणाली.

"नळाच्या पाण्याचा मेला?" मॅडमनी विचारलं.

"नाही. दोन्हीकडचा ठणठणीत आहे. इथलं वाण मररोधक आहे ना. बाबांकडचं घरचं देशी."

"म्हणजे मर तुमच्या वाणाने अडवली आणि नाव महाराजांचं झालं. बरं. आता राहिले अठरा टक्के. ते झाडावर आले की पोत्यात?"

"म्हणजे?"

"झाडावरचे घाटे मोजले होते?"

घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा. प्रणालीची मान खाली गेली. "मोजले होते. प्रत्येक वाफ्यातल्या पाच झाडांचे. झेंडा असो-नसो, सारखेच भरले. दाण्याचं वजनही सारखंच. सर म्हणाले, ह्या कॉलमने गोंधळ होतो, काढून टाक."

मी इतक्या वर्षांत पुष्कळ प्रसिद्धिपत्रकं लिहिली आहेत. कॉलम काढून टाकण्यातली सहजता मला ओळखीची वाटली.

"घाटे सारखे, दाणा सारखा आणि पोतं जड," मॅडम म्हणाल्या. "मग जास्तीचा हरभरा आला कुठून?"

"नादातून. असं प्रबंधात लिहिलंय. मीच."

"तुम्ही झाड मोजलंत असं तुम्हाला वाटतं. मोजलं पोतं. झाडापासून पोत्यापर्यंत वाट आहे, आणि त्या वाटेवर माणसं आहेत. त्यांना झेंडा दिसतो." मॅडमनी कप बाजूला सारला. "कापणीच्या आदल्या दिवशी झाडाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्या दिवशी झेंडे हलवले तर झाडाला काही होणार नाही. माणसांना झालं तर होईल. सहा झेंडे मंत्रजलाच्या वाफ्यांतून उपटून नळाच्या पाण्याच्या सहा वाफ्यांत लाव. कोणाला सांगू नको. अठरा टक्के मंत्रजलाजवळच राहिले, तर माझं चुकलं. झेंड्याच्या मागे गेले, तर तुमचं. हे आत्ताच लिहून ठेवू, म्हणजे नंतर मलाही ग्रहण सापडणार नाही."

"सर मला डिग्री देणार नाहीत."

"नाही देणार," मॅडम म्हणाल्या. मी वाट बघत होतो की त्या पुढे काही धीराचं बोलतील. त्यांनी पर्समधून पेन काढलं.

प्रणालीने एकदा पालथ्या फोनकडे बघितलं. मग तिने माझ्याकडून कागद मागून घेतला. कोणत्या वाफ्याला खरं काय दिलं होतं आणि झेंडा कुठे जाणार, ते तिने लिहिलं, खाली मॅडमचं भाकीत लिहिलं. दोघींनी सह्या केल्या. पाकीट बंद करून त्यावर मी सही केली आणि ते माझ्या कपाटात ठेवलं, कारण त्या कपाटात कोणालाच कधी काही हवं नसतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, राखणदार जेवायला गेला असताना बारा मिनिटांत काम झालं. प्रणाली म्हणाली, झेंडा उपटण्याआधी हात आपोआप जोडले गेले. तिनेही तीन वर्षं त्या झेंड्यांना नमस्कार केला होता.

सोमवारी कापणी झाली. सुभद्राबाईंच्या टोळीतल्या अकरा बायांनी केली. त्या रोज वेगळ्या शेतात असतात. वाफा ओळखायची त्यांची खूण झेंडा हीच. मंगळवारी मळणी आणि वजन, ढोरे साहेबांच्या डोळ्यांसमोर, ग्रॅमपर्यंत. गुरुवारी शिफारस जाहीर करायचा समारंभ.

पुन्हा तोच मांडव, गर्दी मात्र दुप्पट. मधल्या रांगेत नत्थुजी बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. तिवशाहून दोन बस बदलून ते महाराजांची माफी मागायला आले होते.

ढोरे साहेबांनी माईक हातात घेतला. "झेंड्याचे वाफे, सरासरी नऊ किलो पाचशे चाळीस ग्रॅम. साधे वाफे, आठ किलो शंभर. वाढ सतरा पूर्णांक आठ टक्के! सलग तिसऱ्या वर्षी!"

टाळ्या. महाराजांनी माईकमध्ये 'हूंऽऽऽ' केलं. ह्या खेपेला मोटारीशिवाय.

"सर," प्रणाली उभी राहिली, "शिफारस वाचण्याआधी एक पाकीट उघडायचं आहे." तिने मला हाक मारली.

सही जागेवर आहे हे सगळ्यांना दाखवून मी पाकीट फोडलं आणि वाचलं. कापणीच्या आदल्या दिवशी सहा झेंड्यांची अदलाबदल केली. झेंडा असलेल्या बारा वाफ्यांपैकी सहांना मंत्रजलाचा थेंबही दिलेला नाही, ते नळाच्या पाण्यावरचे. आणि ज्या सहांना मंत्रजल दिलं होतं, ते झेंड्याविना उभे होते. मग ढोरे साहेबांच्याच तक्त्यातून, वाफ्यांच्या क्रमांकांवरून, मी वजनं वाचली. नळाचं पाणी, झेंडा आहे : साडेनऊ किलो. मंत्रजल, झेंडा नाही : आठ किलो. दोन्हीकडच्या सहाच्या सहा वाफ्यांत तेच.

ढोरे साहेबांच्या चेहऱ्यावर, शून्याने भागलं की कॅल्क्युलेटरवर येतं ते आलं.

सावरले ते महाराज. "पायलं काय! पायलं काय बाप्पा! नाद झेंड्यात उतरला! पान्याचीबी गरज नाई राहिली!"

आणि टाळ्या पडल्या हो. खऱ्या टाळ्या. मागून एक जण ओरडला, "महाराज, झेंडे कुठी भेटतीन?"

ढोरे साहेबांना कंठ फुटला. "हा तर अगदीच नवा निष्कर्ष आहे! पुढच्या हंगामात आपण झेंड्याच्या कापडाचे तीन प्रकार घेऊन..."

"एक मिनिट," संध्या मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी कापलं त्यांना कोणी विचारलं का? सुभद्राबाई, या ना इकडे."

सुभद्राबाई मांडवाच्या कडेला भाताच्या पातेल्याजवळ उभ्या होत्या. त्या पदर खोचत पुढे आल्या.

"बाई, झेंड्याच्या वाफ्यात तुम्ही कापणी कशी करता?"

"कशी म्हंजे? चप्पल काढून. देवाचा वाफा व्हय नं तो."

"आणि खाली गळलेले घाटे?"

"थे पयले वेचतो. येकेक. देवाचं पायाखाली नाई याले पाह्यजे. सारं पोत्यात टाकतो, अन् मंगच कापाले लागतो."

"आणि बिनझेंड्याच्या वाफ्यात?"

सुभद्राबाई आम्हा सगळ्यांकडे अशा बघू लागल्या, जणू कोणी त्यांना पाणी कसं पितात ते विचारलं. "त्यातलं गळलेलं आमचं. सरवा व्हय नं बाई थो."

कापून झाल्यावर जमिनीवर जे पीक पडून राहतं ते कापणाऱ्या बायांनी वेचून न्यायचं, त्याला सरवा म्हणतात. वऱ्हाडात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त पीएच.डी. झालेल्यांना माहीत नव्हतं, किंवा त्यांच्या आयांना माहीत होतं आणि पोरं शिकून पुढे गेली.

"सरवा भेटावा म्हनून आमी हात जरा ढिला ठुतो," सुभद्राबाई म्हणाल्या. "कोन नाई ठेवत? देवाच्या वाफ्यात नाई ठेवत. देवाचा सरवा खाल्ला त पोटात मुरडा येते."

"एका वाफ्यामागे किती निघतो सरवा?"

"यंदा बारा वाफ्याचा सतरा किलो निंगाला. अकराजनीत वाटला."

मागच्या रांगेतल्या कोणीतरी मोबाइलवर भागाकार केला आणि मोठ्याने म्हणाला, "एका वाफ्यामागे एक किलो चारशे सोळा ग्रॅम." झेंड्याच्या आणि साध्या वाफ्यातला फरक होता एक किलो चारशे चाळीस.

तर हा चमत्कार. हरभरा सगळ्या वाफ्यांत सारखाच पिकत होता. झेंड्याच्या वाफ्यातला सगळा पोत्यात जायचा, बिनझेंड्याच्या वाफ्यातला दीडेक किलो अकरा बायांच्या पदरात. नाद नव्हता, स्पंदन नव्हतं. तीन वर्षं डिजिटल काट्यावर आमच्या संस्थेने सुभद्राबाईंची श्रद्धा मोजली होती, ग्रॅमपर्यंत, आणि तिला शास्त्र म्हटलं होतं.

"ही चोरी आहे!" ढोरे साहेब ओरडले.

"चोरी?" सुभद्राबाईंचा आवाज चढला. "माया सासूच्या सासूपासून सरवा बाईचा असते, साहेब. तुमी तीन वर्सं काटा धरून उभे होते. एक डाव तरी वाफ्यात वाकून पायलं काय? मले इचारलं असतं त पयल्याच दिवशी सांगतलं असतं. कोनी इचारलंच नाई, त मी काहून सांगू?"

महाराज तोवर गाडीत बसले होते. बाळापुरात त्यांच्याकडे अजून रांग लागते असं ऐकतो. आता झेंडेही मिळतात.

संस्थेने ह्या सगळ्यातून धडा घेतला. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं : संस्थेच्या आवारात सरवा वेचण्यास सक्त मनाई. मंत्रजलाची शिफारस रद्द झाली नाही, ती 'अधिक अभ्यासासाठी' ठेवली. तत्त्वज्ञानाचे चार तास ढोरे साहेब स्वतःच घेतील असं ठरलं. सुभद्राबाईंची टोळी गव्हाच्या कापणीला आलीच नाही. मग शास्त्रज्ञ विळे घेऊन उतरले आणि दुपारपर्यंत दोघांना टाके पडले.

प्रणालीच्या हातात वेगळं पत्र आलं. मार्गदर्शकाच्या परवानगीविना प्रयोगात ढवळाढवळ केल्यामुळे तिची नोंदणी रद्द. नत्थुजी आदल्या दिवशी परत गेलेच नव्हते. दोघं माझ्या खोलीत बसले होते. तिने पत्र त्यांना वाचून दाखवलं.

"म्हंजे तुयी तीन वर्सं गेली?"

"हो."

"अन् माया अडीच एकर."

"हो, बाबा. माझ्यामुळे."

नत्थुजींनी ते कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. पिशवीतला नारळ चाचपत त्यांनी विचारलं, "मंग थे शंका आली होती मले पेरताना... थ्यानं नाई नं मेला हरभरा?"

प्रणालीने पत्राची घडी घातली. "बाबा, आपल्या दोघांत मिळून तेवढी एकच गोष्ट बरोबर झाली होती. तुम्हाला शंका आली ती. मला तर तीन वर्षांत तीही आली नाही."

नत्थुजी मान हलवत राहिले. "इतकुशीच आली होती पन," ते म्हणाले. "जरा मोठी याले पाह्यजे होती."

तेव्हा मंडळी, तुम्ही संशोधक असाल तर पेरणीच्या आधी कागदावर लिहून ठेवा, की काय दिसलं तर तुम्ही स्वतःला चूक म्हणाल. तसं काही लिहिताच येत नसेल, तर पेरू नका. जो कॉलम गोंधळ करतो तोच आधी वाचा. आणि काट्याजवळ उभं राहण्यापूर्वी ज्यांच्या हातून पीक काट्यावर येतं त्यांच्याशी दोन शब्द बोला. त्या बायांना तुमच्या प्रयोगाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. शेतकरी असाल तर कोणाच्याही आकड्यावर सगळं रान पणाला लावू नका. चार ओळी नव्या पद्धतीने लावा, चार जुन्या, आणि कोणत्या कुठल्या ते कापणाऱ्याला कळू देऊ नका. शास्त्रज्ञाने सांगितलं असलं तरी. स्वतःच्या पोरीने सांगितलं असलं तरी. आणि तुमच्या मनात शंका आली म्हणून पीक मेलं असं जो सांगेल, त्याला आधी शेताबाहेर काढा. मर रोगाचं मग बघू.